लाकडी सांगाड्याच्या तुळईसाठी कठीण लाकडाची निवड

खांब आणि तुळया एकमेकांत सांधून उभारलेल्या लाकडी सांगाड्यात छपराचा व मजल्याचा भार तुळया पेलतात. त्यांच्यासाठी रुंदपर्णी वृक्षांचे, म्हणजे कठीण लाकूड निवडताना नुसता कठीणपणा पाहून भागत नाही. लांब गाळ्यावरची (दोन आधारांमधल्या मोठ्या अंतरावरची) तुळई मोडण्याच्या कितीतरी आधी तिला बाक येतो, आणि ताठपणात ओक हा डग्लस फरसारख्या सूचिपर्णी लाकडापेक्षा सरस नाही. तुळईची उंची दुप्पट केली, तर त्याच भाराखाली बाक एक-अष्टमांश होतो. रुंदी दुप्पट केली, तर निम्माच. त्यामुळे जात बदलण्यापेक्षा उंची वाढवणे बहुधा शहाणपणाचे.

कठीण लाकडाची खरी किंमत टिकाऊपणात आणि सांध्यांच्या पकडीत आहे. टिकाऊपणा मात्र मध्यकाष्ठापुरताच, म्हणजे खोडाच्या आतल्या जून लाकडापुरताच; सालीलगतचे रसकाष्ठ सागाचे असले तरी किडीला व बुरशीला बळी पडते. ओक, साग, चेस्टनट यांचे मध्यकाष्ठ दीर्घकाळ टिकते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे ओकचे छत 1390 च्या दशकातले आहे. अ‍ॅश आणि बीच ताकदीत ओकच्या तोडीचे, पण ओल लागली की लवकर कुजतात. ते कायम कोरड्या जागीच वापरावेत. ओकमध्येही भेद आहे. रेड ओकच्या छोट्या तुकड्याचे एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकले, तर बुडबुडे येतात, कारण त्याच्या वाहिन्या, म्हणजे लाकडातल्या बारीक उभ्या नळ्या, मोकळ्या असतात. व्हाइट ओकच्या वाहिन्या बुजलेल्या असल्याने त्यात पाणी सहज शिरत नाही.

जाड तुळई सुकायला वर्षे लागतात, म्हणून ओक बहुधा ओलाच घडवतात; तेव्हा तो हत्याराला मऊही लागतो. लाकडातली आर्द्रता सुमारे 30 टक्क्यांखाली गेली की ते आकसू लागते, तेही वार्षिक वलयांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ओंडक्याचा मधला गाभा असलेल्या तुळईला उभे तडे जातातच. ते बहुतेक निरुपद्रवी असतात; सांध्यातून जाणारा तडा मात्र गंभीर मानावा. ओल्या तुळईतल्या लाकडी खुंट्या सुकवलेल्याच हव्यात. ओकमधील टॅनिन या तुरट द्रव्याने साधे लोखंड गंजते व लाकूड काळे पडते, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतात.

जात ठरली तरी ओंडका पारखावा लागतो. तंतू दहास एक (दर दहा सेंटीमीटर लांबीत एक सेंटीमीटर) इतके तिरके असले, तर वाकताना मिळणारी ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईत मध्यावर खालच्या कडेला ताण (तंतूंना लांबवणारी ओढ) सर्वाधिक असतो. तिथे मोठी गाठ येत असेल, तर ती बाजू वर फिरवावी.