क्लच घसरतो तेव्हा : दमदार गाड्यांच्या क्लचची पार्श्वभूमी

रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं) झालं, टर्बो मोठा बसला, चार दिवस गाडी मजेत पळाली. मग एकदा चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला आणि टॅकोमीटरचा काटा झपकन वर गेला, स्पीडोमीटरचा मात्र जागच्या जागी. क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारी-सोडणारी चकत्यांची जोडणी, घसरतोय, हे कळायला आणखी तपासणी लागत नाही. पंचाईत पुढे होते. बाजारात ‘स्टेज १’ पासून ‘स्टेज ५’ पर्यंत किट मिळतात, पण हे आकडे कुठल्याही मानकातले नाहीत. ज्याने त्याने आपल्या मनाने लावलेले. एकाचा ‘स्टेज २’ दुसऱ्याच्या ‘स्टेज ३’ पेक्षा दणकट निघू शकतो. किटच्या आत नेमकं काय बदललंय हे बघायचं, आणि ते समजायला क्लच इथवर कसा पोचला हे ठाऊक असलेलं बरं.

मुळात क्लचला अश्वशक्ती कळत नाही, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कळतो. ८,००० आरपीएमला ५०० अश्वशक्ती देणारं इंजिन त्या क्षणी साधारण ४४५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. रिमॅप केलेलं दोन लिटरचं डिझेल १८० अश्वशक्तीतच ४०० न्यूटन-मीटरपर्यंत जातं, तेही २,००० आरपीएमच्या आसपास. म्हणून अशा डिझेलचा कंपनीचा क्लच पेट्रोलवाल्यापेक्षा आधी हात टेकतो.

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षणांक (पकडीचं माप), प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या चकतीचा) दाब, लायनिंगची (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराची) सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. २४० मिमीची एकच प्लेट, आतला व्यास १५५ मिमी, घर्षणांक ०.३० आणि दाब ७,००० न्यूटन धरला तर उत्तर येतं जवळजवळ ४१५ न्यूटन-मीटर. गेल्या सव्वाशे वर्षांत जे काही शोध लागले ते या चारांपैकी एखादा आकडा फुगवण्याचे आहेत, आणि प्रत्येकाने त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी वसूल केली आहे.

सुरुवात चामड्यापासून झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बहुतेक गाड्यांत शंकूच्या आकाराचा क्लच असे, वर चामडं चढवलेलं. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्येही हाच. चामडं सुकलं की तो गचकन पकडायचा, म्हणून त्याला एरंडेल किंवा गुरांच्या खुरांपासून काढलेलं तेल पाजत. तेल जास्त झालं की घसरायचा, मग त्यावर मुलतानी माती भुरभुरत. आजही पकड आणि मऊपणा यांचं भांडण तेच आहे, फक्त सामान बदललंय.

इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या चॅपल-एन-ल-फ्रिथ गावाजवळ हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून घर्षणाच्या वस्तूंवर काम सुरू केलं. त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली आणि पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनिंग रूढ झालं. अमेरिकेत बोर्ग अँड बेकने कोरडी एकेरी प्लेट लोकप्रिय केली. दोन्ही बाजूंना लायनिंग लावलेली प्लेट, एका बाजूला फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँकवरचं जड चाक), दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट. रचना आजही हीच आहे. अ‍ॅस्बेस्टॉस उष्णता सोसायचं, पण त्याची धूळ फुप्फुसाला घातक ठरली आणि १९८० नंतर ते मागे पडत गेलं. जुनी गाडी उघडताना बेल हाउसिंगमधली (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणातली) धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून काढावी, ते याचसाठी.

१९६० च्या दशकात डेट्रॉइटने सात लिटरची इंजिनं रस्त्यावर आणली तेव्हा दाब वाढवणं हाच सोपा मार्ग होता. प्रेशर प्लेटमध्ये कॉइल स्प्रिंगा आणि तीन बोटं (प्लेट मागे ओढणाऱ्या तरफा) असत. बोर्ग अँड बेक पद्धतीत आणि लाँग पद्धतीत फरक बोटांच्या ठेवणीचा. लाँगच्या बोटांना वजनं लावता येत, आरपीएम वाढले की ती बाहेर फेकली जाऊन दाब वाढवत. ड्रॅग शर्यतवाल्यांना हे फार आवडलं. रस्त्यावर मात्र सिग्नलपाशी डावा पाय थरथरायचा. शिवाय लायनिंग झिजलं की कॉइल स्प्रिंग सैल पडते आणि दाब सरळ उतरत जातो.

तोडगा जनरल मोटर्सकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीसच होता: डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे बशीसारखी एकच गोल पोलादी चकती, मधे चिरा देऊन बोटं काढलेली. तिची खुबी अशी की लायनिंग झिजत जातं तसा दाब आधी थोडा वाढतो, मग उतरतो. आणि पेडल अर्ध्यावर गेलं की पुढे हलकं लागतं. युरोपात ती मोठ्या संख्येने आली १९६५ च्या सुमाराला. त्याच साली जर्मनीत ब्यूल इथे लुक कंपनी सुरू झाली. या चकतीचा एक दोष शेवरलेवाल्यांनी चांगलाच अनुभवला. सपाट बोटांचा डायफ्रॅम उच्च आरपीएमला दाबला की अपकेंद्री बलाने बोटं तिथेच अडकायची आणि पेडल तळालाच चिकटून राहायचं. त्यावर उपाय म्हणून वाकवलेल्या बोटांचा डायफ्रॅम आला.

दाब वाढवण्याची खरी किंमत पायाला नव्हे, इंजिनाला मोजावी लागते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग (पेडलने सरकणारं बेअरिंग) डायफ्रॅमला ढकलतं आणि तो जोर सगळा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) येतो. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच असेल तर परिस्थिती आणखी वाईट: ऑइल प्रेशर शून्य, आणि सगळा भार कोरड्या बेअरिंगवर. म्हणूनच जड प्रेशर प्लेट बसवण्याआधी डायल गेज लावून क्रँकचा एंड प्ले, म्हणजे तो पुढे-मागे किती सरकतो ते, मोजतात. बहुतेक इंजिनांत तो ०.०५ ते ०.२५ मिमीत असावा, नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असते. दाब ३० टक्के वाढवला की वरच्या उदाहरणातला आकडा ५४० पर्यंत जातो. याहून पुढे दाबाच्या जोरावर जाऊ नये, असं आमचं मत.

दुसरा मार्ग घर्षणांकाचा. तांब्याची आणि सिरॅमिकची पूड भाजून घट्ट केलेले तुकडे आधी विमानांचे ब्रेक आणि ट्रॅक्टरच्या क्लचमध्ये वापरात होते, तिथून ते शर्यतीच्या गाड्यांत आले. तीन, चार किंवा सहा पाकळ्यांची ‘पक’ प्लेट ती हीच. ऑरगॅनिक (राळेने बांधलेल्या, नेहमीच्या) लायनिंगचा घर्षणांक ०.२५ ते ०.३०, याचा ०.३५ ते ०.४०. ऑरगॅनिकमधली राळ तापून जळायला लागते तिथे हे तुकडे निवांत असतात. पण हाफ क्लचवर चालवायची सोय संपते. पार्किंगच्या चढावर गाडी धडधडत हादरे देते आणि फ्लायव्हीलवर चरे पडतात. केव्हलर (चिवट कृत्रिम धाग्याचं लायनिंग) याच्या उलट: अगदी मऊ, पण एकदा करपलं की पुन्हा पकड धरत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या गाडीला तीन पाकळ्यांची प्लेट लावणं हा शुद्ध हट्ट आहे.

याच काळात फ्लायव्हीलचा धडा रक्त सांडून मिळाला. बिडाचं फ्लायव्हील ताण सोसत नाही. वारंवार तापून त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि ८,००० आरपीएमला ते फुटलं तर तुकडे फायरवॉल भेदून पायापर्यंत येतात. ड्रॅग पट्ट्यांवर पोलादी बेल हाउसिंग सक्तीचं झालं, १९७८ मध्ये एसएफआय फाउंडेशन (शर्यतीच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) स्थापन झालं, आणि आज फ्लायव्हील-क्लचवर १.१ आणि बेल हाउसिंगवर ६.१ हा शिक्का पाहिला जातो. बिडाचं जुनं फ्लायव्हील लेथवर वारंवार फेस मारून (पृष्ठभाग तासून) पातळ करणं म्हणजे हाताने बॉम्ब बनवणं.

तिसरा मार्ग प्लेटींची संख्या. कल्पना जुनीच आहे. स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत आपल्या दुचाकींत ओल्या मल्टिप्लेटच असतात. मोटारीत कोरडी जोडप्लेट शर्यतीतून आली आणि जपानमध्ये रस्त्यावर रुळली. १९८९ पासून तिथल्या कंपन्यांनी आपसात २८० पीएसची मर्यादा पाळली, पण स्कायलाइन जीटी-आरसारख्या इंजिनांकडून मालक त्याच्या दुप्पट काढत. ओएस गिकेन, एक्सेडी ही नावं या धंद्यात मोठी झाली. एक्सेडी म्हणजे मूळची डायकिन मॅन्युफॅक्चरिंग. आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात सीके डायकिन या नावाने चाललेला क्लचचा कारखाना आज एक्सेडी इंडिया आहे. जीटी-आर घेताना एक खबरदारी: आर३२ मध्ये १९९३ च्या सुमारास पुश (बेअरिंग बोटांना ढकलतं) पद्धतीऐवजी पुल (बेअरिंग बोटांना ओढतं) पद्धत आली. साल न बघता किट मागवलं तर रिलीज बेअरिंगच जुळत नाही.

जोडप्लेटीचं गणित पाहा. व्यास फक्त १८४ मिमी, पण पृष्ठभाग चार. त्याच ७,००० न्यूटन दाबावर आणि ऑरगॅनिक लायनिंगवरच साडेसहाशे न्यूटन-मीटर. पेडल मूळचंच, थ्रस्ट बेअरिंग सुखरूप, व्यास लहान असल्याने फिरतं जडत्वही कमी. कंपन्यांनाही हे पटलं: २००९ च्या ६३८ अश्वशक्तीच्या कॉर्व्हेट झेडआर१ मध्ये २६० मिमीच्या दोन प्लेटी कारखान्यातूनच आल्या. पोर्शेच्या करेरा जीटीने १६९ मिमीचा सिरॅमिक क्लच दिला आणि तो गाडी जागेवरून काढताना इंजिन बंद पाडण्यासाठी प्रसिद्ध झाला. जोडप्लेटीची किंमत वेगळी आहे: दोन प्लेटी मोकळ्या करायला रिलीज बेअरिंगला जास्त सरकावं लागतं. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने तेल ढकलणारा) अपुरा पडला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स करकरतो. मोठा बसवला तर पेडल जड होतं आणि डायफ्रॅम मर्यादेबाहेर दाबला जातो. तेव्हा पेडलखाली स्टॉपर लागतो. मधल्या तरंगत्या प्लेटीचा खडखडाट दोष नाही, तो राहणारच.

१९८५ मध्ये लुकने ड्युअल मास (दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील उत्पादनात आणलं आणि निवडीत नवा पेच आला. त्याच्या आतल्या स्प्रिंगा इंजिनाचे धक्के गिळतात, पण वाढलेल्या टॉर्कला त्या टोकाला जाऊन आदळतात. एकसंध फ्लायव्हील घातलं की पकड मिळते, वर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खुळखुळाटही. स्प्रिंग असलेल्या प्लेटीने तो कमी होतो, जात नाही. चार किलोचं हलकं फ्लायव्हील मोहात पाडतं, पण उष्णता शोषायला त्यात लोखंडच कमी असतं.

बसवताना होणाऱ्या चुका मात्र दर पिढीत त्याच. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं जात नाही. स्प्लाइनला (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना) बोटभर ग्रीस लावतात, ते लायनिंगवर उडतं; हवा असतो नुसता पातळ हात. प्लेट उलटी बसते. बोल्ट एकाआड एक समोरासमोर आवळण्याऐवजी ओळीने आवळले की डायफ्रॅम वाकतो. अमेरिकन व्ही-८ मध्ये बेल हाउसिंग क्रँकच्या मध्यापासून ०.१३ मिमीपेक्षा जास्त सरकलेलं असेल तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवून बेल हाउसिंग जुळवणाऱ्या पिना) लागतात. डायल गेजवर हे अंतर दुप्पट दिसतं, हे विसरून निम्मे लोक चुकीचा डॉवेल मागवतात. आणि ऑरगॅनिक किंवा केव्हलर प्लेट असेल तर पहिले ८०० किलोमीटर शहरात, थांबत-निघत चालवायचे, पूर्ण थ्रॉटल नाही. या काळात लायनिंगवर चकाकी आली तर गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरतो.