फिलिबस्टर आणि त्याच्या सुधारणेचा वाद

फिलिबस्टर : अमेरिकेच्या सेनेटमध्ये चर्चा संपूच न देता विधेयक मतदानापासून अडवून धरण्याची पद्धत. शंभर सदस्यांच्या या सभागृहात विधेयक मंजूर व्हायला साधे बहुमत पुरते. पण चर्चा थांबवून मतदान घ्यायचे तर साठ मते लागतात. म्हणजे एक्केचाळीस सदस्य ठाम राहिले, तर एकोणसाठ जणांचे काही चालत नाही. अमेरिकी राज्यघटनेत याचा उल्लेख नाही. परराष्ट्र करार, घटनादुरुस्ती, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून काढणे अशा मोजक्या बाबींसाठीच घटनेने दोनतृतीयांश मतांची अट घातली. साध्या कायद्यांवरचे बंधन सेनेटने नियमांतून स्वतःच ओढवून घेतले आहे.

सुरुवात जवळजवळ अजाणता झाली. बहुमताने चर्चा थांबवण्याची तरतूद सेनेटने १८०६ मध्ये निरुपयोगी समजून नियमावलीतून वगळली; ती नसल्याचा फायदा उठवायला लोक बऱ्याच वर्षांनी शिकले. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, व्यापारी जहाजांना शस्त्रसज्ज करण्याचे विधेयक मूठभर सदस्यांनी अडवले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि सेनेटने चर्चाबंदीचा नियम आणला. तेव्हा हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मते लागत. १९७५ पासून एकूण सदस्यसंख्येच्या तीनपंचमांश, म्हणजे साठ, लागतात.

‘अल्पमताचे संरक्षण’ या नावाने या प्रथेचे समर्थन होते. इतिहास पाहता हे समर्थन सहज मान्य करता येत नाही. विसाव्या शतकात साठच्या दशकापर्यंत दक्षिणेकडील सेनेटरांनी हे हत्यार मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हक्कांविरुद्ध चालवले. झुंडबळीविरोधी विधेयके त्यांनी पुन्हापुन्हा बुडवली. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड २४ तास १८ मिनिटे सलग बोलले. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकावरची कोंडी १० जून रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी फुटली. त्या मतदानाच्या आधी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड १४ तासांहून अधिक वेळ बोलले होते. ज्यांना स्वतःच्या राज्यात मतपेटीपर्यंत जाऊ दिले जात नव्हते, ते या साऱ्या व्यवहारातले खरे अल्पमत होते, आणि त्यांना या प्रथेने काडीचेही संरक्षण दिले नाही.

आज कुणाला उभे राहून बोलावेही लागत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी अडलेले विधेयक बाजूला ठेवून इतर कामकाज चालू ठेवण्याची सोय केली. कामकाज ठप्प होऊ नये हा हेतू चांगला होता. पण अडवणारे श्रमातून आणि लोकांच्या नजरेतून सुटले. विरोध आहे एवढे कळवले, तरी विधेयक साठ मतांची वाट पाहत पडून राहते.

यातून काही वाटा काढलेल्या आहेत. १९७४ च्या कायद्याने अर्थसंकल्पीय विधेयकांना ‘रिकन्सिलिएशन’ नावाचा साध्या बहुमताचा मार्ग दिला. मात्र ज्यांचा महसूल-खर्चाशी थेट संबंध नाही अशा तरतुदी त्यातून गाळल्या जातात. ही गाळणी लावणारा नियम बर्ड यांच्याच नावाने ओळखला जातो. दुसरी वाट ‘न्यूक्लियर ऑप्शन’ची. बहुमताचा नेता नियमाच्या अर्थाबद्दल हरकत घेतो, पीठासीन अधिकारी ती प्रचलित नियमानुसार फेटाळतात, आणि तो निर्णय सभागृह साध्या बहुमताने फिरवते. तोच पुढचा पायंडा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली डेमोक्रॅट्सनी सर्वोच्च न्यायालय वगळता इतर नेमणुकांसाठी हे केले. एप्रिल २०१७ मध्ये मिच मॅकॉनेल यांच्या रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयालाही ते लागू केले. दोन्ही वेळा मते ५२ विरुद्ध ४८ होती. कायद्यांसाठीचा फिलिबस्टर तेवढा उरला.

तोही साध्या बहुमताने जाऊ शकतो. म्हणून त्याचे भवितव्य विरोधकांपेक्षा सत्ताधारी पक्षातल्या न बधणाऱ्या दोन-चार सदस्यांवर ठरते. २०२१-२२ मध्ये हे लख्ख दिसले. सेनेटमध्ये दोन्ही बाजूंना ५०-५० सदस्य, निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचे. मतदानहक्कांची विधेयके अडली, तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि ॲरिझोनाच्या किर्स्टन सिनेमा हे दोन डेमोक्रॅट विधेयकांच्या बाजूने होते, पण नियमबदलाच्या विरोधात. मँचिन यांची भूमिका नवी नव्हती. बर्ड यांच्या निधनानंतर २०१० मध्ये ते त्यांच्याच जागेवर निवडून आले होते, २०१३ च्या बदलालाही त्यांनी विरोध केला होता. एप्रिल २०१७ मध्ये ६१ सेनेटरांनी कायद्यांसाठीचा फिलिबस्टर राखावा असे पत्र लिहिले, त्यावर त्यांची सही होती. सही तेव्हा सेनेटर असलेल्या हॅरिस यांचीही होती, आणि ते पत्र पुढे नेणाऱ्या दोघांपैकी एक असलेले डेमोक्रॅट क्रिस कून्स यांचीही. कून्स यांनी २०२२ मध्ये नियमबदलाच्या बाजूने मत दिले. सत्ता कोणाकडे आहे, यावर या विषयातली मते किती हलतात हे त्या पत्रावरून कळते.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन स्वतः ३६ वर्षे सेनेटर होते आणि या प्रथेचे जुने समर्थक. ११ जानेवारी २०२२ रोजी अटलांटात त्यांनी मतदानहक्कांसाठी नियम बदलण्याची उघड मागणी केली. दोनच दिवसांनी ते सेनेटमधील पक्षसदस्यांना भेटायला निघण्यापूर्वी सिनेमा यांनी सभागृहात भाषण करून नकार कळवला. १९ जानेवारीला नियमबदल ४८ विरुद्ध ५२ असा फेटाळला गेला. प्रस्ताव माफक होता : त्या एका विधेयकापुरते, विरोधकांनी खरोखर उभे राहून बोलावे आणि बोलून झाल्यावर साध्या बहुमताने मतदान व्हावे. एवढ्यालाही नकार मिळावा, हे या नोंदीच्या लेखकाला समर्थनीय वाटत नाही. फिलिबस्टरचा मोठेपणा दीर्घ चर्चेत आहे असे सांगायचे, आणि प्रत्यक्ष चर्चेची सक्ती करणारा बदल पाडायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

पक्षाच्या हाती दबावाची साधने तोकडी होती. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप झुगारणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत तसा कायदा नाही. उमेदवारीही श्रेष्ठींकडून येत नाही, राज्यातल्या प्राथमिक निवडणुकीतून येते. वेस्ट व्हर्जिनियात २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प सुमारे ३९ टक्के मतांच्या फरकाने जिंकले होते. तिथे पक्षनेतृत्वाशी फटकून वागणे मँचिन यांच्या फायद्याचेच होते, आणि ते गेले तर ती जागा रिपब्लिकनांकडे जाणार हे सर्वांना ठाऊक होते. ॲरिझोना बायडेन यांनी जेमतेम साडेदहा हजार मतांनी जिंकलेले राज्य. तिथे दबाव अधिक जाणवला. राज्य पक्षाच्या कार्यकारिणीने जानेवारी २०२२ मध्ये सिनेमा यांचा निषेध केला, जुने पाठीराखे दुरावले. त्या बदलल्या नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी पक्ष सोडून अपक्ष राहणे पसंत केले. मे २०२४ मध्ये मँचिन यांनीही तेच केले. दोघेही २०२४ ची निवडणूक लढले नाहीत.

रिपब्लिकन पक्षातही असाच पेच आहे, फरक एवढाच की तिथे नकार प्रत्यक्ष नेत्यांकडून येतो. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत फिलिबस्टर संपवण्याचा वारंवार आग्रह धरला, मॅकॉनेल बधले नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारी कामकाज बंद पडले असताना ट्रम्प यांनी तीच मागणी पुन्हा केली. बहुमताचे नेते जॉन थून यांनी त्यासाठी आपल्या पक्षातच पुरेशी मते नसल्याचे सांगितले. शेवटी काही डेमोक्रॅट आणि त्यांच्याबरोबरचे एक अपक्ष फुटून साठ मतांची जुळणी झाली, आणि कामकाज सुरू झाले.