फायरवीड शेंड्याला पोचलं की...

ऑगस्टच्या मध्यावर अलास्कात दोन ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की बोलता बोलता विषय फायरवीडवर येतोच. या रानफुलाच्या उंच दांड्यावर शेंड्यापर्यंत फुलं उमलली म्हणजे उन्हाळा सरला, आणि तिथून सहा आठवड्यांत पहिला बर्फ, असा तिथला जुना हिशेब. कुणी आठवडे कमी-जास्त सांगतं, पण दांड्याकडे नजर सगळ्यांचीच असते.

हिशेबाचं मूळ झाडाच्या ठेवणीत आहे. फुलांचा रंग थेट आपल्या गुलाबी तेरड्याचा. पण तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हा मात्र कित्येक आठवडे पुरतो, कारण सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. जूनअखेरीस फेअरबँक्समध्ये दिवस जवळजवळ 22 तासांचा असतो. त्या सुमारास तळच्या कळ्या फुटू लागतात आणि बहर रोज थोडा थोडा वर सरकतो. भर उन्हाळ्यात एकाच दांड्यावर खाली कोवळ्या शेंगा, मध्ये फुलं आणि वर मिटलेल्या कळ्या दिसतात. शेवटी शेंगा उकलतात आणि पांढऱ्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात.

या खालून वर जाण्याला आणखी एक अर्थ आहे. बर्लिनजवळच्या श्पांडाउ गावात शाळा चालवणारे क्रिस्टियान श्प्रेंगेल यांना 1790 मध्ये याच झाडावर दिसलं, की एकाच फुलात आधी पुंकेसर पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे खालची, वयाने मोठी फुलं पराग घेणारी आणि वरची देणारी. मधमाशी सहसा तळापासून वर चढते. दुसऱ्या झाडाचे पराग ती खाली ठेवते आणि वरून नवे घेऊन उडते. 1793 मध्ये हे पुस्तकात आलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याची किंमत ओळखली ती पुढे डार्विनने.

फायरवीड म्हणजे आगीमागून येणारं तण. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी जमिनीतल्या आडव्या मुळांतून ते पुन्हा फुटतं, शिवाय एका झाडाला 80,000 पर्यंत बिया. 1940-41 च्या बॉम्बहल्ल्यांनंतर लंडनच्या ढिगाऱ्यांवर ते इतकं माजलं, की लोक त्याला बॉम्बवीडच म्हणू लागले. शेजारच्या कॅनडातल्या युकॉनने 1957 मध्ये त्याला आपलं अधिकृत फूल केलं. अलास्काचं राज्यफूल मात्र फर्गेट-मी-नॉट. उन्हाळा मोजायला लोक वापरतात फायरवीड, मान दुसऱ्याला!

मूळ रहिवाशांना हे झाड या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. कोवळे कोंब ते खात. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचे सॅलिश लोक डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत या म्हाताऱ्या मिसळून घोंगड्या विणत. आज घरोघरी पाकळ्यांची जेली होते. उकळत्या पाण्यात पाकळ्या टाकल्या की मळकट जांभळा काढा उतरतो, त्यात लिंबू पिळताच तो लखलखीत गुलाबी होतो.

सहा आठवड्यांचा हिशेब खरा ठरतो का? माझ्या मते तो अर्धाच खरा. दांडा सांगतो ते आजवर मिळालेल्या उबेबद्दल. येणाऱ्या थंडीची त्याला काय खबर? लवकर तापलेल्या वर्षी तो शेंड्याला लवकर पोचतो आणि बर्फ आपल्या वेळेनेच पडतो. तरीही दांड्यावर चार-पाचच कळ्या उरल्या, की लोक सरपणाच्या ढिगाकडे एकदा बघून घेतात.