पांढऱ्या कुत्रीचे तांबूस पंजे

कापशी आमच्याकडे आली तेव्हा नावाला जागणारी होती, पिंजलेल्या कापसासारखी पांढरीशुभ्र. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पुढचे दोन्ही पंजे तांबूस दिसायला लागले. आमचं अंगण कोकणातलं, तांबड्या मातीचं, त्यामुळे मातीचेच डाग असतील असं वाटलं. धुतले, पुसले, डाग जाईनात. मग एका रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती चप्-चप्-चप् अशा आवाजाने. कापशी अंधारात पडून पंजे चाटत होती. कुत्र्याच्या लाळेत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. पांढरे केस सतत लाळेने भिजत राहिले की त्यांच्यावर गंजासारखा तांबूस रंग चढतो. तो चढायला काही आठवडे लागतात. म्हणजे इतके दिवस ती रोज रात्री चाटत होती आणि आम्ही शेजारच्या खोलीत गाढ झोपलेलो होतो. ही गोष्ट मला अजून लागते.

माणसाला ॲलर्जी झाली की बहुधा शिंका येतात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. कुत्र्याच्या बाबतीत ती मुख्यतः कातडीवर उतरते. पंजे, काखा, जांघा, पोट, कान आणि तोंडाभोवतीचा भाग या तिच्या ठरलेल्या जागा. मुळात कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक. आपल्या त्वचेच्या बाह्य थरात पेशींचे साधारण १० ते १५ पदर असतात, कुत्र्याच्या जेमतेम ३ ते ५. त्याचा खरा आडोसा म्हणजे अंगावरचे केस, आणि ॲलर्जी धरते ती नेमकी केस विरळ असलेल्या ठिकाणी.

कातडीचा वरचा थर ही भिंत धरली तर पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड वगैरे स्निग्ध पदार्थ. ॲटॉपिक डर्माटायटिस नावाचा जो जन्मजात कल असलेला त्वचाविकार आहे, त्यात हा चुना कमी पडतो. हा विकार बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढतो. भिंतीतल्या फटींमधून धुळीतल्या माइट्स नावाच्या सूक्ष्म किड्यांचे कण, परागकण, बुरशीचे बीजाणू आत शिरतात. शरीर त्यांना शत्रू समजून आयजीई प्रकारची प्रतिद्रव्यं तयार करतं, पेशी रसायनं सोडतात, कातडी लाल होते आणि कंड सुटतो. कुत्रं खाजवतं, चावतं, चाटतं. त्याने भिंत आणखी ढासळते, आणखी कण आत जातात. मग तिथे स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाची यीस्ट यांचं फावतं. या दोघांची वस्ती निरोगी कातडीवरही असतेच, पण थोडकी. ती वाढली की खाज दुप्पट होते आणि कुत्र्याला एक आंबूस, कुबट वास यायला लागतो. आपण म्हणतो, ‘अंघोळ घातली तरी वास येतोच कसा?’ तर तो असा.

खाज म्हटली की आपल्याला पेशींनी सोडलेलं हिस्टामिन हे रसायन आठवतं आणि हात सेटिरिझिनच्या गोळीकडे जातो. कुत्र्याच्या ॲलर्जीच्या खाजेत मात्र हिस्टामिनचा वाटा दुय्यम आहे. तिथे मोठं काम करतो तो इंटरल्युकिन-३१ नावाचा निरोप्या, म्हणजे पेशींनी सोडलेलं, निरोप पोचवणारं एक प्रथिन. तो थेट खाजेच्या मज्जातंतूंना जाऊन भिडतो. म्हणून आपली ॲलर्जीची गोळी कुत्र्याला बहुतेक वेळा नीट लागूच पडत नाही. या निरोप्याचा मार्ग अडवणारं ऑक्लासिटिनिब हे औषध २०१३ साली अमेरिकेत मंजूर झालं. पुढे इंटरल्युकिन-३१ ला थेट बांधून ठेवणारं इंजेक्शनही आलं. ही औषधं पशुवैद्यकाने तपासूनच द्यायची, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथे एवढंच पुरे.

घरी काय करायचं हे कळण्यासाठी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. प्रत्येक कुत्र्याचा खाजेचा एक उंबरठा असतो. थोडी धूळ, थोडं गवत, दोन पिसवा, कातडीवर जरा वाढलेली यीस्ट, यांतलं एकेक कारण एकट्याने उंबरठा ओलांडत नाही. सगळी मिळून ओलांडतात. उलटही तितकंच खरं. सगळी कारणं संपवता आली नाहीत तरी त्यातली दोन-तीन कमी केली, तर कुत्रं पुन्हा उंबरठ्याच्या अलीकडे येतं आणि रात्रभर झोपतं. ॲलर्जी तिथेच असते, खाज उतरते.

सुरुवात पिसवांपासून करायची. ‘आमच्या कुत्र्याला पिसवा नाहीत’ हे वाक्य मीही छातीठोकपणे म्हटलं होतं. डॉक्टरांनी काही न बोलता कापशीच्या शेपटीच्या बुंध्यापाशी बारीक दातांची फणी फिरवली. फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले. ते त्यांनी ओल्या पांढऱ्या टिपकागदावर झटकले आणि थांबले. अर्ध्या मिनिटात प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचं वलय पसरलं. ती पिसवांची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असती तर कागदावर काळीच राहिली असती. ही तपासणी कुणालाही घरी करता येते. ओला कापूस घेतला तरी चालतो.

पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एखाद-दुसरा चावाही पुरतो आणि तेवढ्यावर कित्येक दिवस खाज राहते. कंबर, शेपटीचा बुंधा आणि मागच्या मांड्या खाजवून केस गेले असतील तर पहिला संशय इथेच घ्यावा. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती घरंगळून सतरंजीत, फरशीच्या फटींत, सोफ्याच्या खाचेत पडतात. घरातल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा जेमतेम ५ टक्के असतात, बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरभर पसरलेल्या. म्हणून एकदा औषध लावून भागत नाही. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच वेळी, निदान तीन महिने सलग औषध द्यावं लागतं. अंथरूण-पांघरूण आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवायचं, फटी झाडून काढायच्या. मात्र कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या अनेक औषधांमध्ये पर्मेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं, मांजराचा त्याने जीव जातो.

सगळीच खाज ॲलर्जीची नसते. लूत लागली असेल तर कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे घोटे यांवर खपल्या धरतात. कानाची कड चिमटीत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागतो. घरातल्या माणसांच्या हातांवर, कमरेवर लाल पुळ्या उठल्या असतील तर संशय आणखी पक्का. मग घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि नेमकं औषध देतात.

खाण्याची ॲलर्जी लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आढळते. पण असली तर ती बहुधा नेहमीच्याच प्रथिनाची असते. २०१६ साली खाण्याची ॲलर्जी असलेल्या सुमारे ३०० कुत्र्यांच्या नोंदींचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के कुत्र्यांना बाधत होतं. आपल्याकडचं दूध-पोळी आणि चिकन-भात या यादीत आलंच. ही ॲलर्जी ओळखायचा विश्वासाचा मार्ग एकच: निदान आठ आठवडे असं प्रथिन द्यायचं जे त्या कुत्र्याने आधी कधी खाल्लेलं नाही, आणि सोबत दुसरं काहीही नाही. काय द्यायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. आमच्याकडच्या कुत्र्यांना मासळी नवी नसते, त्यामुळे ‘मासे देऊन बघू’ हा सल्ला कोकणात निकामी ठरतो. आठ आठवड्यांनी खाज उतरली तर जुनं खाणं पुन्हा सुरू करायचं आणि ती दोनेक आठवड्यांत परत येते का ते बघायचं. आली तरच निदान पक्कं. आमचा पहिला प्रयत्न शेजारच्या काकूंच्या मायेने फसला. कापशी रोज संध्याकाळी त्यांच्या पायरीवर बसायची आणि त्या तिला चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायच्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता अंघोळ. घरच्या उपायांत मी सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर ठेवते. ॲलर्जीच्या कुत्र्याला आठवड्यातून एकदा नीट अंघोळ घातली की कातडीवर बसलेले कण धुतले जातात, ओलावा मिळतो आणि यीस्टही आटोक्यात राहते. पाणी गार किंवा जेमतेम कोमट हवं. कढत पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि खाज भडकते. आपला शाम्पू वापरू नये, लहान बाळाचाही नको. आपली त्वचा आम्लधर्मी, पीएच ५ च्या आसपास. कुत्र्याची उदासीनच्या जवळ, ७ च्या आसपास. अंगाचा आणि कपड्यांचा साबण तर चांगलाच अल्कधर्मी. तो आधीच कमी असलेला चुना खरवडून नेतो.

त्यासोबत ओट्सचं पाणी. ओट्समध्ये ॲव्हेनँथ्रामाइड नावाची दाह शमवणारी द्रव्यं असतात आणि ओलावा धरून ठेवणारं बीटा-ग्लुकनही. साधे, बिनमसाल्याचे ओट्स घ्यायचे. मसाला ओट्समध्ये कांदा-लसूण असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे आणि अंगाला लावलेलं कुत्रं चाटणारच. वाटीभर ओट्स मिक्सरमधून अगदी वस्त्रगाळ करायचे. बारीक झाले की नाही ते बघायला पेलाभर पाण्यात चमचाभर पीठ टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि तळाशी गाळ बसला नाही तर झालं. तळाशी बसलं तर पुन्हा फिरवा. हे पीठ अर्धी बादली पाण्यात मिसळून अंगावर हळूहळू ओतायचं, पोट आणि काखांना हाताने लावायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. ही दहा मिनिटं फार मोठी वाटतात. मी कापशीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानामागे बोट फिरवत बसते. मग जुन्या सुती पंचाने टिपायचं, घासायचं नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्याशिवाय सोडायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच, कारण यीस्टला ओल फार मानवते. गरम हवेचा ड्रायर टाळावा. कातडीवर ओली जखम, पू किंवा फोड असतील तर मात्र ओट्सच्या नादी न लागता डॉक्टरांनी सांगितलेला क्लोरहेक्झिडिनचा औषधी शाम्पू वापरावा. तोही लावून दहा मिनिटं थांबलं तरच काम करतो.

फिरून आल्यावर चारही पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसणं हा दोन मिनिटांचा उपाय, आणि गवताच्या दिवसांत त्याचा फरक दिसतो. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ने भिंतीचा चुना सुधारायला मदत होते, पण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. कॉडलिव्हर ऑइल हे वेगळं तेल. त्यातल्या अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक होऊ शकतो.

काय लावू नये, याबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे, कारण त्याने कुत्री मरतात. रॉकेल आणि गाडीचं जळकं ऑइल लुतीवर चोपडण्याची पद्धत गावोगाव आहे. त्याने कातडी भाजते आणि चाटलेलं विष पोटात जातं. कापूर आणि टी ट्री ऑइल कातडीतूनही भिनतात, कुत्रं लटपटतं, थरथरतं, कापराने झटकेही येतात. फिनेल, डेटॉल नको. खोबरेल विषारी नाही, पण तेलाचा थर धूळ आणि ओल धरून ठेवतो, आणि फार चाटलं की जुलाब होतात. घरातली स्टेरॉइडची ट्यूब, दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक जेल, झिंक असलेलं मलम यांतलं काहीही कुत्रं चाटून पोटात घेणार आहे हे धरूनच चाला. सर्दीच्या गोळीत ॲलर्जीच्या औषधासोबत स्यूडोएफेड्रिन असू शकतं, ते कुत्र्याला प्राणघातक ठरतं. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने टोचणारेही आहेत. कॉलीसारख्या काही जातींमध्ये एका जनुकातल्या बदलामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रं बेशुद्ध पडू शकतं. गोचिडांसाठीचं गुरांचं द्रव औषध पाण्यात न मिसळता तसंच फासल्यामुळे तडफडणारं एक कुत्रं मी स्वतः पाहिलं आहे. त्याच्या घरच्यांचं त्याच्यावर प्रेम होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तोंड सुजलं, अंगावर अचानक गांधी उठल्या किंवा श्वास जड झाला तर लगेच दवाखाना गाठा. कानाला वास, सतत डोकं झटकणं, पू, मरगळ किंवा रात्रीची झोप मोडणं यासाठीही घरी वाट बघत बसू नका. जाताना एक नोंद घेऊन जा. मी रोज झोपताना कालनिर्णयच्या चौकटीत एक आकडा लिहिते. अजिबात खाज नाही ते ०, खाण्या-खेळण्यात लक्षच लागत नाही ते १०. तीन महिन्यांचे आकडे डॉक्टरांनी एका नजरेत वाचले आणि विचारलं, ‘दर सोमवारी का वाढतेय?’ रविवारी आम्ही तिला माळावर मोकळं सोडायचो, कमरेएवढ्या गवतात. आता रविवारी घरी आल्या आल्या तिला साध्या पाण्याने धुतो.

कापशीच्या पंजांवरचे तांबूस केस पुन्हा पांढरे होत नाहीत, रंग चढलेला तो चढलेलाच. नवे केस मात्र मुळापासून पांढरे येतात. परवा पंजा हातात घेऊन केस बाजूला केले, तर मुळाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढा पांढरा पट्टा दिसला.