इस्लामी अर्थशास्त्र, बँकव्यवहार आणि मुस्लिम ग्राहक-वर्तनाचे संशोधन

शरियतच्या मर्यादेत राहून पैसा कसा मिळवावा, कसा गुंतवावा आणि कसा खर्चावा याचा, तसेच श्रद्धावान माणसे प्रत्यक्षात तसे वागतात का याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. आधुनिक अर्थाने ती विसाव्या शतकाच्या मध्यावर आकाराला आली. सुरुवातीची तीसेक वर्षे आदर्श व्यवस्था कशी असावी याच्या मांडणीत गेली. बँका उभ्या राहिल्यावर त्यांचे करार आणि ताळेबंद तपासले जाऊ लागले, आणि ग्राहकाला विचारायची पाळी सगळ्यात शेवटी आली. आज या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे संशोधन मात्र या उशिरा आलेल्या टप्प्यातले आहे.

पाया तीन निषेधांचा आहे : रिबा म्हणजे कर्जावरील ठरावीक वाढ, गरर म्हणजे करारातील घातक अनिश्चितता, आणि मैसिर म्हणजे जुगार. यांपैकी रिबावर एकमत आहे असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात वाद जुना आहे. बँकेचे सर्वच व्याज रिबात मोडते, असे बहुसंख्य फकिहांचे (इस्लामी कायदेपंडितांचे) मत. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांनी १९६० च्या दशकात याला आव्हान दिले. कुराणाने निषिद्ध केलेली वाढ ही ऋणकोला पिळून मुद्दल पटीपटीने फुगवणारी होती, असा त्यांचा मुद्दा होता. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरचा परतावा वैध ठरवला. पाकिस्तानात फेडरल शरियत न्यायालयाने १९९१ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये व्याज शरियतविरोधी असल्याचा निकाल दिला. दोन निकालांमधली तीन दशके देशाची बँकव्यवस्था बरीचशी व्याजावरच चालली.

शास्त्राची वैचारिक सुरुवात अरब जगाइतकीच भारतीय उपखंडात झाली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील अन्वर इक्बाल कुरेशी यांनी १९४० च्या दशकात इस्लाम आणि व्याजसिद्धांत यांवर लिहिले. १९५५ मध्ये मुहम्मद उझैर यांनी बिनव्याजी बँकेचा आराखडा मांडला. तो असा : ठेवीदार बँकेला भांडवल देतो, बँक ते उद्योजकाला देते, आणि दोन्ही टप्प्यांवर नफ्याची वाटणी आधी ठरलेल्या प्रमाणात होते. इराकमधील शिया विद्वान मुहम्मद बाकिर अस-सद्र यांनी १९६१ च्या सुमारास भांडवलशाही व मार्क्सवाद या दोहोंहून वेगळ्या अर्थव्यवस्थेची मांडणी केली. अलीगढ आणि पुढे जिद्दा येथे काम केलेले मुहम्मद नजातुल्ला सिद्दिकी यांनी या विस्कळीत लेखनाला शास्त्राची शिस्त आणली. मक्केत १९७६ मध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पाठोपाठ जिद्दाच्या किंग अब्दुलअझीझ विद्यापीठात स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले.

बँका मात्र पुस्तकांची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील मित घम्र या गावात अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये बचत बँक सुरू केली. ते जर्मनीत शिकले होते आणि तिथल्या स्थानिक बचत बँकांचा नमुना त्यांच्यासमोर होता. शेतकरी बँकेत पैसे ठेवत नाहीत याचे कारण गरिबीइतकेच अविश्वासात आणि व्याजाच्या धास्तीत आहे, हे त्यांनी ओळखले. हा प्रयोग १९६७ मध्ये स्वतंत्र रूपात संपला, पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली : योग्य संस्था भेटली तर गावातली दडलेली बचत बाहेर येते. याच काळात मलेशियात हजसाठी बचत करणारी संस्था कामाला लागली. ती आज तबुंग हाजी या नावाने ओळखली जाते. तिथले ग्रामीण मुस्लिम वर्षानुवर्षे पैसा घरात साठवत किंवा जमीन-जनावरे विकून हजला जात आणि परतल्यावर कंगाल होत. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये यावर उपाय म्हणून या संस्थेची कल्पना मांडली होती. मुस्लिम ग्राहक-वर्तनावरचे पहिले उपयोगी निरीक्षण हेच म्हणावे लागेल, आणि ते प्रश्नावलीतून नव्हे, लोकांच्या अडचणीतून आले.

१९७५ मध्ये जिद्दाची इस्लामिक डेव्हलपमेंट बँक आणि दुबई इस्लामिक बँक सुरू झाल्या. १९७७ मध्ये कुवेत फायनान्स हाउस आणि १९८३ मध्ये बँक इस्लाम मलेशिया आली. तेलाच्या दरवाढीतून आलेला पैसा या वाढीमागे होता. इराणने १९८३ मध्ये कायदा करून संपूर्ण बँकव्यवस्था बिनव्याजी जाहीर केली. नियमनासाठी बहरीनमध्ये लेखामानके ठरवणारी आयोफी (१९९१) आणि क्वालालंपूरमध्ये इस्लामिक फायनान्शियल सर्व्हिसेस बोर्ड (२००२) या संस्था उभ्या राहिल्या.

मुळात ज्याची कल्पना केली होती ती बँक आणि प्रत्यक्षात चालणारी बँक यांतील अंतर हा या संशोधनाचा गाभा आहे. सिद्धांतकारांना हवे होते ते मुदारबा (एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफा वाटून, तोटा भांडवलदाराचा) आणि मुशारका (दोघांचे भांडवल, नफा-तोटा दोघांचा). बँकांनी उचलला तो मुराबहा. ग्राहकाला यंत्र हवे असेल तर बँक ते १०० ला विकत घेते आणि ग्राहकाला ११५ ला विकते. ११५ ग्राहक हप्त्यांनी फेडतो. मालकी मधल्या काळात बँकेकडे असते, म्हणून त्या अवधीतला धोकाही तिचाच. हप्ता चुकला तरी ११५ चे १२० करता येत नाहीत, आणि विलंबदंड घेतलाच तर तो दानधर्मात द्यावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने ही विक्री आहे, कर्ज नाही. पण वरचे १५ ठरवताना बँका बहुधा बाजारातला व्याजदरच पाहतात, आणि मालकीचा तो मधला काळ कधीकधी कागदावर काही क्षणांचा असतो. टीकाकारांचे बोट नेमके इथे असते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

मोहसिन खान यांनी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात दाखवले होते की, नफा-तोटा वाटून घेणारी बँक धक्के अधिक चांगले सोसते. मालमत्तेची किंमत घसरली की ठेवींचे मूल्यही आपोआप घसरते, त्यामुळे ठेवीदारांनी घाबरून एकदम पैसे काढायला धावण्याचे कारण उरत नाही. युक्तिवाद भक्कम आहे, पण तो अशा बँकेबद्दल आहे जी फारशी अस्तित्वात आली नाही. चाँग आणि लिऊ यांनी २००९ मध्ये मलेशियातील आकडे तपासले. भागीदारीवर दिलेला पैसा एकूण वित्तपुरवठ्यात नगण्य होता, आणि इस्लामी ठेवींवरचा परतावा पारंपरिक, म्हणजे व्याजावर चालणाऱ्या, बँकांच्या दरामागोमाग हलत होता.

असे का होते, याची उत्तरे धर्मशास्त्रापेक्षा व्यवहारात सापडतात. भागीदारीत नफा खरा किती झाला हे उद्योजकाला माहीत असते, बँकेला नसते. करासाठी दोन वह्या ठेवण्याची सवय जिथे आहे तिथे ही अडचण दुप्पट होते. ज्याला धंद्यात भरपूर नफ्याची खात्री आहे तो नफा वाटून देण्यापेक्षा ठरावीक रक्कम देणे पसंत करतो, म्हणून भागीदारीसाठी बँकेकडे कमकुवत प्रस्ताव जास्त येतात. अनेक देशांच्या करकायद्यात व्याज हा खर्च म्हणून वजा होतो, वाटलेला नफा होत नाही. शिवाय ठेवीदारालाही तोटा नको असतो. परतावा कमी पडला तर तो पैसे काढून दुसरीकडे जाईल या भीतीने बँका चांगल्या वर्षातला नफा राखून ठेवतात आणि वाईट वर्षी वाटतात.

आदर्श आणि व्यवहार यांतली ही ओढाताण आजची नाही. ऑटोमन साम्राज्यात रोख रकमेचे वक्फ (धर्मादाय निधी) ठरावीक परताव्यावर पैसा देत आणि त्या उत्पन्नातून शाळा-मशिदी चालवत. सोळाव्या शतकात साम्राज्याचे प्रमुख मुफ्ती एबुस्सूद एफेंदी यांनी ते वैध मानले, धर्मपंडित बिर्गिवी यांनी कडाडून विरोध केला. मुरात चिझाक्चा यांनी बुर्सा शहरातील अशा वक्फांच्या १५५५ ते १८२३ मधील नोंदी अभ्यासल्या. असे दप्तरी काम या क्षेत्रात आणखी व्हायला हवे. अलीकडचा तसाच वाद तवर्रुकचा : रोख रक्कम मिळावी म्हणून वस्तू उधारीवर घेऊन लगेच तिसऱ्याला विकणे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) अकादमीने २००९ मध्ये बँकांनी संघटितपणे घडवून आणलेला तवर्रुक अमान्य केला. तो तरीही अनेक बाजारांत चालतो.

बँकांच्या स्थैर्याबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत. चिहाक व हेस्से यांनी केलेल्या तुलनेत लहान इस्लामी बँका आपल्या आकाराच्या पारंपरिक बँकांहून सक्षम, तर मोठ्या इस्लामी बँका दुबळ्या दिसल्या. बेक, देमिर्गुच-कुंत आणि मेरूश यांना २०१३ मध्ये दोन्ही प्रकारांच्या व्यवसायपद्धतीत फारसे फरक आढळले नाहीत, पण इस्लामी बँकांचे भांडवल आणि मालमत्तेची गुणवत्ता सरस दिसली.

ग्राहकाकडे येताना सिद्धांताने प्रथम एक आदर्श माणूस कल्पिला. मुन्झिर कहफ यांच्या मांडणीत मुस्लिम ग्राहक आपले उत्पन्न ऐहिक उपभोग आणि अल्लाहच्या वाटेवरचा खर्च यांत वाटतो. त्याच्या समाधानाचा कालावधी मृत्यूपलीकडे जातो. मध्ययुगीन विद्वान गझाली आणि शातिबी यांच्यापासून चालत आलेली आवश्यक, सोयीची आणि शोभेची अशी गरजांची उतरंड याला जोडली गेली. अर्थतज्ज्ञ तिमुर कुरान यांनी १९८० च्या दशकापासून यावर कठोर टीका केली : लाखोंच्या, परस्परांना अनोळखी समाजात व्यक्तीच्या सदाचारावर अर्थव्यवस्था उभी राहत नाही. मुहम्मद अक्रम खान हे तर या चळवळीच्या आतलेच अभ्यासक. त्यांनीही २०१३ मध्ये हे शास्त्र धर्मशास्त्राचीच एक शाखा बनून राहिल्याचे स्पष्ट लिहिले.

मग प्रत्यक्ष ग्राहकांच्या पाहण्या सुरू झाल्या. एरोल व अल-बदूर यांना १९८९ मध्ये जॉर्डनमध्ये आढळले की इस्लामी बँक निवडण्यात धर्म हे मुख्य कारण नव्हते. ओळखीच्यांचा सल्ला आणि सेवा यांचे वजन अधिक होते. मेतावा व अल-मोसावी यांना १९९८ मध्ये बहरीनमध्ये उलटे दिसले, तिथे शरियतपालन पहिल्या क्रमांकावर होते. पुढे कुवेतमध्ये सेवेची गुणवत्ता मोजण्याच्या प्रचलित पट्टीत शरियतपालनाचा निकष घालून नवी मोजपट्टी तयार झाली. त्यानंतर हलाल अन्न, सौंदर्यप्रसाधने, पर्यटन अशा विषयांवर लेखांचा पूर आला. बहुतेकांचा साचा एकच : वृत्ती, भोवतालचा दबाव आणि आत्मनियंत्रण यांवरून खरेदीचा इरादा सांगणारे आयझेन यांचे १९९१ चे प्रतिमान, त्यात धार्मिकतेची भर, आणि पाच पायऱ्यांची प्रश्नावली. उत्तरे देणारे बरेचदा विद्यापीठातले विद्यार्थी असतात. धर्माबद्दल विचारले की माणूस जे योग्य मानतो ते सांगतो. तो काय विकत घेतो हे त्यातून कळत नाही. ही उणीव गंभीर आहे आणि असे शेकडो लेख लिहून ती भरून येत नाही.

ती भरून काढली प्रत्यक्ष वर्तनाच्या नोंदींनी. बेले, फारूक आणि ओंगेना यांनी पाकिस्तानातील २००६ ते २००८ मधली कर्जे तपासली. इस्लामी कर्जे थकण्याचे प्रमाण पारंपरिक कर्जांच्या निम्म्याहूनही कमी होते, आणि रमजानमध्ये ती आणखी कमी थकत. जॉर्डनमध्ये कार्लान व सहकाऱ्यांनी यादृच्छिक प्रयोग केला. शरियतसंमत कर्ज देऊ केल्यावर अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण १८ वरून २२ टक्क्यांवर गेले : परिणाम खरा, पण माफक. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी ६४ देशांतील ६५,००० हून अधिक प्रौढांची माहिती पाहिली. मुस्लिमांकडे बँक खाते असण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली, मात्र कर्ज घेण्याच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. व्याजाच्या निषेधाचा परिणाम सर्वांत आधी कर्जावर दिसावा, या सरळ अपेक्षेला हा निष्कर्ष छेद देतो.

पाकिस्तानच्या जकात (मुस्लिमांवर बंधनकारक असलेले दान) कायद्याचा अनुभवही इथे नोंदवण्यासारखा आहे. १९८० पासून बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी अडीच टक्के जकात कापली जाऊ लागली, आणि त्याआधी पैसे काढून घेण्याची प्रथा रूढ झाली. याला केवळ अश्रद्धा समजणे चुकीचे ठरेल. पैसे काढणाऱ्यांपैकी अनेक जण जकात स्वतःच्या हाताने, ओळखीच्या गरजूला देतात. त्यांचा अविश्वास सरकारी वाटपावर असतो. शिया समाजाने तर आपला फिकह वेगळा असल्याचे सांगून आंदोलन केले आणि सवलत मिळवली.

रमजानच्या आर्थिक परिणामांवर कांपान्ते आणि यानागिझावा-ड्रॉट यांनी २०१५ मध्ये वेगळीच युक्ती वापरली. चांद्र कालगणनेमुळे रमजान ऋतूंमधून फिरतो, आणि उपवासाचे तास अक्षांशानुसार बदलतात. म्हणून एकाच देशाची वेगवेगळ्या वर्षांतली तुलना शक्य होते. उपवासाचे तास वाढले की मुस्लिम देशांत आर्थिक वाढीचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. उपवास लांबलेल्या त्याच वर्षी तिथले लोक स्वतःला अधिक समाधानी मात्र सांगतात.