रॅली म्हणजे चिखलातली रेस नव्हे

हेल्मेट घालून गाडी पळवणारा दिसला की आपल्याकडे तो झाला ‘रेसर’. बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर रॅली ड्रायव्हर गौरव गिलचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग फॉर्म्युला वनला कधी जाणार?’ आणि ट्रॅकवर फॉर्म्युला वन चालवलेल्या नारायण कार्तिकेयनचा विषय निघाला की ‘तो रॅलीवाला ना?’ दोन्ही चूक. ही गल्लत ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट मांडतो.

ट्रॅकवरची रेस टीव्हीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे: वीसेक गाड्या एकदम सुटतात, ठरलेले लॅप म्हणजे फेऱ्या मारतात, पुढे असेल तो जिंकतो. रॅलीत गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडतात, रहदारी बंद केलेल्या साध्या रस्त्यांवर. या टप्प्यांना ‘स्टेज’ म्हणतात. सगळ्या स्टेजच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. बैलगाडा शर्यतीतला फरक माहीत असणाऱ्याला हे लगेच कळेल. पुणे जिल्ह्यात खेड-आंबेगावकडे घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो आणि सेकंद मोजतात. सांगली-कोल्हापूरकडे गाड्या एकदम सुटतात.

रॅली चिखलात आणि रेस डांबरावर, हे तर डोक्यातून काढूनच टाका. मॉन्टे कार्लो रॅली डांबरी घाटरस्त्यांवर होते, वर बर्फ असला तर असला. गाडीची चाकं उघडी की झाकलेली, हाही वरवरचा भाग.

खरा फरक ड्रायव्हरला रस्ता किती माहीत असतो, इथे आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक, १६ वळणं, ६० लॅप. म्हणजे एकच वळण ड्रायव्हर एका रेसमध्ये साठ वेळा घेतो. आधीच्या सरावातलं वेगळंच. ब्रेक कुठे दाबायचा, हे तो वीत-वीत सरकवत पक्कं करतो. त्याची सगळी कला घोटवण्याची आहे.

रॅलीवाल्याला ते वळण शर्यतीच्या वेगात मिळतं एकदा, फार तर दोनदा. जागतिक रॅलीत आधी पाहणीसाठी स्टेजवरून दोन फेऱ्या मिळतात, त्याही ठरवून दिलेल्या कमी वेगात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो, शेजारचा को-ड्रायव्हर वहीत उतरवतो. दुसरीत तपासून दुरुस्त्या. यालाच ‘पेस नोट्स’ म्हणतात. गोव्याच्या वाटेवर कणकुंबी ओलांडून चोर्ला घाट उतरायला लागलात असं समजा. वहीत काहीसं असं येईल: ‘डावा चार, पन्नास, उजवा दोन आवळतो, आत कापू नको, चढ, माथ्यावर डावीकडे राहा, शंभर.’ आकडा वळण किती तीव्र ते सांगतो. अनेकांच्या पद्धतीत एक म्हणजे सगळ्यात आवळ. ‘पन्नास’ म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. ‘आत कापू नको’ लिहिलंय, कारण आतल्या कडेला गवतात दगड आहे आणि त्यावर चाक गेलं की सस्पेन्शन संपलं.

आता हे सगळं को-ड्रायव्हरला वळण येण्याआधी वाचायचं असतं. गाडी पहिल्या वळणात आडवी असते तेव्हा तो दुसरं, कधी तिसरं वाचत असतो. फार आधी वाचलं तर ड्रायव्हर विसरतो, उशिरा वाचलं तर गाडी दरीत. माथ्यापलीकडचा रस्ता ड्रायव्हरला दिसत नसतो, तरी तो ॲक्सिलरेटर सोडत नाही, कारण शेजाऱ्याने ‘सरळ’ म्हटलंय. म्हणून को-ड्रायव्हरला ‘रस्ता दाखवणारा’ म्हटलं की मला राग येतो. निम्मी रॅली त्याच्या आवाजावर चालते. कासरगोडचे मूसा शरीफ गिलच्या शेजारीही बसले आहेत. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांचं नाव ऐकलंय?

दोन्ही कामं एकच असती तर किमी रायकोनेनचं काय झालं असतं, बघा. २००७ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता २०१० मध्ये जागतिक रॅलीत उतरला. दोन हंगामांत त्याची सर्वोत्तम कामगिरी पाचवा क्रमांक, तुर्कस्तानात. २०१२ मध्ये तो ट्रॅकवर परतला आणि त्याच वर्षी अबू धाबीची रेस जिंकला. हात तेच, माणूस तोच. फक्त पाठ केलेल्या ट्रॅकऐवजी ऐकलेल्या रस्त्यावर चालवायचं होतं.

घराणं पाहूनही लोक फसतात. कार्तिकेयनचे वडील रॅलीतले मोठे नाव; मुलगा मात्र सिंगल-सीटर, म्हणजे एकाच सीटच्या ट्रॅकवरच्या गाड्यांच्या वाटेने गेला आणि २००५ मध्ये जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. कार्लोस साइन्झ थोरले १९९० आणि १९९२ चे रॅली विश्वविजेते, मुलगा फॉर्म्युला वनमध्ये. गाडीचं वेड घरातून आलं, धंदा प्रत्येकाने वेगळा शिकला.

आणि धंदा वेगळा म्हणून वयाचं गणितही वेगळं. ट्रॅकवर वर जायचं तर सात-आठव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे छोट्या रेसिंग गाडीत, बसावं लागतं. शेजारच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक कार्टिंगमधूनच ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. मॅक्स व्हर्स्टापन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये होता. रॅलीत उलट, रस्ते वाचण्याचा अनुभव साठत जातो: सेबास्तियन लोएबने २०२२ मध्ये मॉन्टे कार्लो जिंकली तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. गिलने आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद २०१३, २०१६ आणि २०१७ असं तीनदा मिळवलं, २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याला ‘फॉर्म्युला वनला कधी’ विचारणं म्हणजे त्याने केलेलं काम पाहिलंच नाही असं सांगणं.

त्यामुळे खानापूर-निपाणीकडचा वीस वर्षांचा, वर्कशॉपमध्ये हात काळे करणारा मुलगा विचारतो तेव्हा मी त्याला फॉर्म्युला वनचं स्वप्न विकत नाही. रॅलीचं दार त्याला अजून उघडं आहे. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स काढावं आणि शक्य असेल तर आधी को-ड्रायव्हर म्हणून बसावं. वही लिहायला शिकला की रस्ता वाचायला शिकतो. पण चोर्ल्यात रात्री गाडी पळवलेला व्हिडिओ दाखवून कुणी ‘मी रॅली चालवतो’ म्हणाला, तर त्याच्याशी मी पुढे बोलत नाही. रॅलीची गाडी दोन स्टेजच्या मधल्या रस्त्यावर इतर वाहनांसोबत, रहदारीचे सगळे नियम पाळून जाते. जागतिक रॅलीत पुढच्या तपासणी नाक्यावर एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट लवकर पोचला तर पूर्ण एका मिनिटाचा.