परदेशात कारागिरांसाठी स्वयंसेवा: व्हिसा ‘विक्री’ या शब्दावर अडतो

“मी पगार घेणारच नाही, मग वेगळा व्हिसा कशाला?” हस्तकला मेळ्यात कारागिरांना मदत करायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो आणि पर्यटक व्हिसाचा अर्ज भरून मोकळा होतो. नकार येतो तो इथेच. स्टॉलवर उभं राहून गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं हे अनेक देशांच्या लेखी कामच आहे, फुकट केलं तरीही.

अमेरिकेच्या बी-१ या व्यावसायिक भेटीच्या व्हिसावर मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय संस्थेमार्फत स्वयंसेवा चालते, पण वस्तू विकायच्या नाहीत आणि देणगी मागायची वा घ्यायची नाही. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून (व्हिजिटर व्हिसावर) गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. लोकांना थेट विक्री मात्र करता येत नाही. त्याहून जास्त राहायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा, कमाल १२ महिने. त्यातही दुकानातली, विक्रीची किंवा निधी गोळा करण्याची भूमिका बसत नाही.

म्हणून सगळा जीव तिथल्या संस्थेने पाठवलेल्या निमंत्रणपत्रात असतो. एका मुलीचं पत्र मी पाहिलं होतं. तीन ओळी, खाली न वाचता येणारी सही, आणि मधे एक वाक्य: “स्टॉलवर व विक्रीत साहाय्य करतील.” तारखा नाहीत, संस्थेचा नोंदणी क्रमांक नाही, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा तेही नाही. संस्थेने चांगल्या मनाने लिहिलं होतं, पण अर्ज त्याच वाक्यावर फेटाळला गेला. कारागिरांना मालाची नोंद ठेवायला, किंमत काढायला, मांडणी करायला शिकवणार असाल तर पत्रात तेच सविस्तर मागून घ्या, आणि तिथे गेल्यावर तेवढंच करा. गल्ला कारागिराच्याच हातात राहू द्या. नुसता शब्द बदलून विक्री करू नका. पकडले गेलात तर पुढचे सगळे अर्ज अवघड होतात.

पासपोर्ट, फोटो, शुल्क, बायोमेट्रिक (बोटांचे ठसे) हे सरळ आहे. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा.

तारखांनी मात्र फार लोक बुडतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या १५ दिवस आधीपर्यंत घेतात हे खरं, पण निर्णयालाच साधारण १५ दिवस लागतात आणि जास्त तपासणी निघाली तर ४५. ‘१५ दिवस आधीपर्यंत’ हे वाचून कृपा करून निवांत राहू नका; अर्ज ६ महिने आधी करता येतो. शेंगेनमध्ये राहायला मिळणारे ‘९० दिवस’सुद्धा कोणत्याही १८० दिवसांच्या मुदतीतले. एक दिवस बाहेर जाऊन आलं की मोजणी शून्यावर येत नाही. ब्रिटनच्या चॅरिटी व्हिसासाठी प्रायोजक संस्थेने खर्चाची हमी दिली नसेल तर ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. सत्ताविसाव्या दिवशी भाडं भरलं आणि शिल्लक त्याखाली गेली, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. अर्जदाराला हे आधी ठळकपणे का सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

कारागिरांचा माल स्वतःच्या बॅगेत नेणार असाल तर सीमाशुल्काचं आधी विचारून घ्या. एटीए कार्ने या तात्पुरत्या आयातीच्या सीमाशुल्क कागदावर प्रदर्शनाचा माल शुल्क न भरता नेता येतो, पण तो परत आणायच्या अटीवर. विकलेल्या नगावर शुल्क लागतं. हस्तिदंत, कासवाची पाठ, काही प्रकारचं शिसवी लाकूड असलेल्या वस्तूंना सायटीसचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, निर्बंध आहेत. परवाना हातात नसेल तर त्या वस्तू घेऊ नका.